आप्पांचं फेटलिंग

आमचे आप्पा फेटलिंगला होते. कोल्हापुरात एवढं सांगितलं की पुरतं. तिथे घराआड एक माणूस फाउंड्रीत जातो, त्यामुळे पुढे कुणी काही विचारत नाही. पण इतर गावच्या माणसाला सांगावं लागतं. लोखंडाचा रस साच्यात ओतून वस्तू काढतात, तेव्हा ती ओबडधोबड निघते. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे पातळ, धारदार कड आलेली असते. रस ज्या वाटेनं आत गेला तिथे खुंट राहिलेले असतात. अंगाला जळकी वाळू चिकटलेली असते. ते सगळं हातोडी-छिन्नीनं तोडायचं, ग्राइंडरच्या चाकावर घासायचं आणि वस्तू हातात धरण्याजोगी करायची, याला फेटलिंग म्हणतात. आप्पांनी हे काम एकतीस वर्षं केलं. संध्याकाळी ते घरी यायचे तेव्हा भुवया आणि कानांची भोकं काळी असायची. आई दारातच तांब्या घेऊन उभी राहायची.

पाचवीत असताना बाईंनी वर्गात एकेकीला उभं करून वडील काय करतात ते विचारलं. माझी पाळी आली, मी म्हणाले, "फेटलिंगला आहेत." शेजारच्या बाकावरच्या मुलीनं लगेच विचारलं, "म्हणजे फेटे बांधतात?" सगळा वर्ग हसला, बाईही हसल्या. पुढच्या वर्षी प्रगतिपुस्तकावरचा वडिलांच्या व्यवसायाचा रकाना मी स्वतःच भरला आणि लिहिलं, सुपरवायझर. आप्पांनी ते पुस्तक हातात घेतलं, पहिल्या पानावर जरा जास्त वेळ थांबले आणि खाली सही करून परत दिलं.

कॉलेजात मी इंग्रजी घेतलं. एम.ए.ला असताना एकदा धीर करून सरांना विचारलं, "सर, फेटलिंग हा इंग्रजी शब्द आहे का?" ते म्हणाले, "ते फिटिंग असणार. कामगारांच्या तोंडात गेले की शब्द बिघडतात." मला ते पटलं. म्हणजे आप्पा एकतीस वर्षं जे काम करत होते त्याचं नावसुद्धा बरोबर नव्हतं, असं मी पुढे बरीच वर्षं धरून चालले.

लग्नानंतर पुण्याला आले आणि नवऱ्याच्या कंपनीनं त्याला टोकियोला पाठवलं तेव्हा दोन वर्षांची मुलगी घेऊन तिथल्या हिगाशी-कसाई भागात. सुरुवातीची वर्षं इथल्या सगळ्या बायकांची जातात तशीच गेली. कुठला कचरा कुठल्या वारी खाली ठेवायचा हे शिकण्यात पहिला महिना गेला. मुलगी बालवाडीत जायला लागल्यावर मी कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या दुकानात, अरुबाइतो धरला, अर्धवेळ काम. गल्ल्यावर उभं राहायचं, गिऱ्हाईक आलं की ठरलेली वाक्यं म्हणायची, डबा गरम करून द्यायचा. दुपारी वॉर्ड ऑफिसच्या जपानी वर्गाला जायचं. चार वर्षांनी परीक्षा पास झाले आणि एका छोट्या भाषांतर कचेरीची जाहिरात पाहून अर्ज केला. यंत्रांची माहितीपुस्तकं जपानीतून इंग्रजीत करायची, असं काम होतं.

त्यांनी चाचणीसाठी दोन पानं दिली. कास्टिंग साफ करण्याच्या यंत्राबद्दलची ती पानं होती. मी वाचत गेले आणि मला घाम फुटला, कारण त्यात लिहिलं होतं ते सगळं मी लहानपणी ऐकलेलं होतं. खुंट तोडणं, कड घासणं, वाळू झाडणं, सगळं त्याच क्रमानं. या कामाला जपानीत जो शब्द होता त्याला शब्दकोशात इंग्रजी प्रतिशब्द होता, 'फिनिशिंग'. मी तो लिहिला. पण फिनिशिंग तर शिलाईतही असतं, रंगकामातही असतं. मी तो खोडला आणि 'फेटलिंग' लिहिलं. मग चूक करतेय असं वाटून तेही खोडलं. वेळ संपायला पाच मिनिटं उरली असताना पुन्हा फेटलिंग लिहिलं आणि कागद देऊन टाकला.

आठवड्यानं बोलावणं आलं. कचेरीच्या प्रमुख बाई साठीच्या होत्या. त्यांच्यापुढे माझा कागद होता आणि एका शब्दाभोवती हिरव्या पेन्सिलीनं गोल केला होता. बाई म्हणाल्या, "आमच्या तपासनीसांना तुमच्याशी बोलायचंय."

तपासनीस म्हणजे एक उंच, वाकलेले, पांढऱ्या केसांचे इंग्रज गृहस्थ. ते जपानात चाळीस वर्षं राहिलेले आणि इथेच लग्न केलेले. कचेरीतून बाहेर जाणारा प्रत्येक इंग्रजी कागद त्यांच्या हिरव्या पेन्सिलीखालून जायचा, हे मला नंतर कळलं. ते समोर बसले आणि इंग्रजीत म्हणाले, "हा शब्द तुम्ही कुठे वाचलात?"

"वाचला नाही," मी म्हणाले. "चुकला असेल तर माफ करा. माझे वडील हे काम करायचे. आमच्याकडे याला असंच म्हणतात."

"कुठे?"

"कोल्हापूरला. भारतात."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बोटांनी डोळे चोळले. मग म्हणाले, "माझी आजी दर शुक्रवारी घर फेटल करायची."

मला कळेना. त्यांनी सांगितलं, ते यॉर्कशरचे, इंग्लंडच्या उत्तरेकडचे. तिथे त्यांच्या लहानपणी हा शब्द घरोघरी होता. लोखंडी चूल घासून काळ्या पॉलिशनं चमकवायची, फरशी धुवायची, म्हणजे घर फेटल करायचं. मोडलेली खुर्ची आजोबा फेटल करायचे. ते स्वतः पडून रडत आले की आजी म्हणायची, "ये इकडे, तुला फेटल करते," आणि आपल्या ॲप्रननं नाक पुसायची. शाळेत त्यांनी एकदा निबंधात तो शब्द लिहिला. मास्तरांनी तो वर्गासमोर वाचला आणि म्हणाले, हा काही शब्द नव्हे, गावठी बडबड आहे. "त्यानंतर मी तो घरीच ठेवला," ते म्हणाले. "आजी गेली, आई गेली. या देशात चाळीस वर्षांत तो मला कुणी लिहून दिला नव्हता."

हे ऐकताना मला फेट्याचा तो वर्ग आठवला, पण मी त्यांना ते सांगितलं नाही. अजून तेवढी हिंमत नव्हती.

त्यांनी उठून कपाटातला एक जाडजूड शब्दकोश काढला, पान उघडलं आणि बोट ठेवून मला वाचून दाखवायला लागले. फार जुन्या इंग्रजीत या शब्दाच्या मुळाशी पट्टा असा अर्थ होता, कमरेचा पट्टा. त्यावरून पट्टा बांधणं, म्हणजे तयार होणं. मग तयार करणं, नीट लावणं, झाडणं, दुरुस्त करणं. उत्तरेत घोड्याला खरारा करण्यालाही तोच शब्द, काही गावांत "कसं काय?" विचारायलाही तोच. कुंभारांनी तो कच्च्या भांड्याच्या कडा साफ करण्यासाठी घेतला, ओताऱ्यांनी कास्टिंगसाठी. पुस्तकी इंग्रजीनं मात्र त्यातला एकच तुकडा ठेवला, प्रकृती ठणठणीत आहे असं सांगायचा, आणि बाकीचा टाकून दिला. शब्दकोशात पुढे लिहिलं होतं, बोलीतला, जुना.

"मग तो कोल्हापूरला कसा आला?" मी विचारलं.

"नक्की कोण सांगणार? तिकडची यंत्रं तुमच्याकडे गेली, त्यांच्याबरोबर मिस्त्री गेले असतील. माझ्या आजोबांसारखेच कुणीतरी." ते हसले. "लंडनला नको होता, तुमच्या वडिलांनी सांभाळला."

मी त्यांना सांगितलं की आमच्या भाषेतही कामाला तयार होण्याला कंबर कसणं म्हणतात. त्यांनी तो वाक्प्रचार माझ्याकडून देवनागरीत लिहून घेतला, त्या शब्दकोशाच्या समासातच. प्रमुख बाईंनी भुवया उंचावल्या. निघताना त्यांनी मला सोमवारपासून यायला सांगितलं.

त्या कचेरीत मी जे काही शिकले ते त्या हिरव्या पेन्सिलीकडून. पहिल्या वर्षी माझं एक पान असं नसेल जे हिरवं होऊन आलं नाही. ते कधी नुसतं चूक म्हणून सोडायचे नाहीत, शेजारी कारण लिहायचे. "हे वाचणाऱ्याच्या एका हातात पाना असतो. वाक्य लहान ठेवा," असं एकदा लिहिलेलं मला आठवतं. त्यांचे इतके उपकार माझ्यावर आहेत की कुठून मोजायला सुरुवात करावी कळत नाही.

दोनेक वर्षांनी त्याच प्रकारच्या यंत्राचं पूर्ण पुस्तक आमच्याकडे आलं. ते यंत्र भारतातल्या कारखान्यांत जायचं होतं. मी भाषांतर केलं, त्यांनी तपासलं, आणि यंत्र बनवणाऱ्या कंपनीकडून शेरा आला: फेटलिंग हा शब्द आमच्या इतर परदेशी शाखांत कुणाला माहीत नाही, बदलावा. प्रमुख बाई बदलायला तयार होत्या. म्हातारबुवा, म्हणजे आमचे इंग्रज तपासनीस, म्हणाले, "वाचणार कोण? भारतातला कामगार. मग त्यालाच विचारू." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमचे वडील बोलतील का?"

मी कोल्हापूरला फोन करून विचारलं. आप्पा म्हणाले, "मी काय बोलणार त्या साहेबांशी? मला इंग्रजी कुठं येतंय?" मी म्हटलं, "मी सांगीन ना तुमचं." आई मागून म्हणाली, "बोला की. तिच्या कामाचं हाय."

ठरल्या दिवशी आमच्याकडे दुपारचे साडेतीन वाजले होते, कोल्हापुरात बारा. बैठकीच्या खोलीत प्रमुख बाई, म्हातारबुवा, मी आणि कंपनीचे एक इंजिनिअर होते. इंजिनिअर निवृत्तीला आलेले होते आणि तरुणपणी स्वतः ओतकाम केलेले. पडद्यावर आप्पा दिसले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, अगदी ताठ बसलेले. यंत्राच्या आवाजानं त्यांचे कान अर्धे गेलेत, म्हणून ते ओरडून बोलतात. "नमस्कार!" ते एवढ्या जोरात म्हणाले की प्रमुख बाई दचकल्या. इंजिनिअर उठून पडद्याला वाकले. ते बघून आप्पाही उठून वाकले आणि पडद्यावर नुसता त्यांचा शर्ट दिसायला लागला. आईनं फोन सरळ केला.

इंजिनिअरनी यंत्राचं चित्र दाखवून विचारलं, तुमच्याकडे या कामाला काय म्हणतात? मी मराठीत सांगायच्या आत आप्पा चित्र बघून म्हणाले, "हे व्हय? फेटलिंग. दुसरं काय म्हणणार?"

भाषांतराची गरजच पडली नाही. इंजिनिअर हळूहळू म्हणाले, "फेत्तोरिंगु," आणि वहीत लिहून घेतलं. म्हातारबुवा खिडकीकडे बघत होते.

काम एवढंच होतं, पण आप्पांना आता राहवेना. ते म्हणाले, "नवीन चाक बसवल्यावर किती वेळ मोकळं फिरवायचं, त्ये लिव्हलंय का बघ."

मी माझं पान काढून वाचलं, "काम सुरू करण्यापूर्वी एक मिनिट."

"त्ये रोजचं झालं. मी नव्या चाकाचं इचारतोय."

मी मूळ जपानी पान उघडलं. तिथे दोन वाक्यं होती. रोज काम सुरू करण्याआधी एक मिनिट, आणि चाक बदललं असेल तर तीन मिनिटं. मी दोन्ही मिळून एकच केलं होतं आणि तीन मिनिटं गाळली होती. हिरव्या पेन्सिलीच्या नजरेतूनही ते सुटलं होतं. माझे कान गरम झाले. सगळे माझ्याकडे बघत होते. क्षणभर वाटलं, आता गप्प बसावं आणि नंतर हळूच दुरुस्त करावं. पण समोर आप्पा होते. मी जपानीत सांगितलं, "चूक माझी आहे. वडिलांनी विचारलं म्हणून कळली."

आप्पांना माझ्या तोंडावरूनच समजलं असावं. ते म्हणाले, "आगं, तुला कसं ठावं असणार? नव्या चाकात बारीक तडा असला तर फिरल्याशिवाय कळत न्हाई. आणि फिरताना माणसानं समोर उभं ऱ्हायचं न्हाई, बाजूला उभं ऱ्हायचं. आमचा एक सोबती समोर उभा होता, चाक फुटलं." त्यांनी कपाळाच्या उजव्या बाजूवर हात ठेवला.

मी ते जपानीत सांगितलं. इंजिनिअरनी कोटाची बाही वर केली. त्यांच्या मनगटापासून कोपरापर्यंत एक जुना, पांढरा व्रण होता. तो त्यांनी पडद्याजवळ नेऊन दाखवला. आप्पा पुढे वाकून बघत राहिले. "चाक?" त्यांनी विचारलं आणि बोट गोल फिरवलं. इंजिनिअरनी मान हलवली.

शेवटी इंजिनिअर म्हणाले की शब्द तसाच राहू द्या. बाजूला उभं राहण्याची सूचना पुस्तकात होती, पण आतल्या पानावर, बारीक अक्षरात. ती चित्रासहित पहिल्या पानावर घ्यायचं ठरलं. निरोप घेताना ते पडद्याकडे वळून वाकले आणि आप्पांना सेन्सेई म्हणाले.

"काय म्हणालेत?" आप्पांनी विचारलं.

"तुम्हाला गुरुजी म्हणतायत."

आप्पांनी टोपी काढली, परत घातली आणि आईकडे बघितलं.

त्या रविवारी सकाळी मी पुन्हा फोन केला. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर एकदाचं सांगून टाकलं, प्रगतिपुस्तकावर सुपरवायझर लिहिल्याचं. इतकी वर्षं मनात होतं, असंही म्हणाले.

"ठावं हाय की," आप्पा म्हणाले. "सही मीच केलीया."

"तुम्हाला वाईट नाही वाटलं?"

ते थोडं थांबले. "जरा वाटलं. पण मग वाटलं, पोरीनं आपल्याला परमोशन दिलंय. आजवर कुठल्या मालकानं दिलं न्हवतं." आणि मोठ्यानं हसले. मलाही हसू आलं, आणि रडूही. आपल्यात आईवडिलांचे आभार मानायची पद्धत नाही. तोंडातून शब्दच निघत नाही. इथे जपानात दिवसातून पन्नास वेळा लोकांना धन्यवाद म्हणते मी, पण त्या दिवशी फोनवर "बरं, ठेवते" एवढंच म्हटलं.

पुढच्या वसंतात आईआप्पा आमच्याकडे राहायला आले. म्हातारबुवा तोवर कचेरीतून निवृत्त होऊन जवळच ग्योतोकुला घरीच असायचे. त्यांना कळल्यावर एका शनिवारी सकाळी ते रेल्वे आणि मग बस करून आमच्याकडे आले, हातात संत्र्यांची पिशवी. दोघांनी हात मिळवले आणि सोफ्यावर शेजारी बसले. बोलणार काय? माझी मुलगी आता अकरा वर्षांची आहे. म्हातारबुवा तिच्याशी जपानीत बोलत, ती ते आप्पांना तिच्या मोडक्या मराठीत सांगे. आप्पांचं कोल्हापुरी तिला अर्धंच कळे, मग ती माझ्याकडे बघे. अर्ध्या तासात सगळे दमले.

तेवढ्यात तिला आठवलं की तिची सायकल घासते. "ओजीचान, बघाल का?" तिनं दोन्ही आजोबांना एकदमच विचारलं. दोघंही लगेच उठले.

खाली सायकलींच्या शेडमध्ये त्यांनी ती उलटी केली. म्हातारबुवांना बारीक दिसत नाही, पण कान शाबूत आहेत. आप्पांना बारीक आवाज ऐकू येत नाही, पण बोटं अजून तशीच आहेत. मुलीनं पॅडल फिरवलं. म्हातारबुवांनी मान तिरकी करून ऐकलं आणि आवाज आला तसा हात वर केला. आप्पांनी तिथे मडगार्डच्या कडेवरून आंगठा फिरवला आणि थांबले. पत्र्याला बारीक कड आली होती, ती टायरला लागत होती. मुलगी पळत जाऊन इमारतीच्या रखवालदाराकडून कानस घेऊन आली. आप्पा उकिडवे बसले आणि घासायला लागले, सावकाश, एकाच दिशेनं. म्हातारबुवांनी चाक घट्ट धरून ठेवलं. मी जवळच उभी होते, पण मला कुणी काही विचारलं नाही.

पुन्हा पॅडल फिरवलं, आवाज नाही. म्हातारबुवा म्हणाले, "फेटल्ड."

आप्पांनी त्यांच्या ओठांकडे बघितलं. "व्हय," ते म्हणाले, "झालं फेटलिंग."

दुपारी वरणभात, वांग्याची भाजी आणि आईच्या हातचं दाण्याचं कूट घातलेली काकडीची कोशिंबीर झाली. म्हातारबुवांनी भात दोनदा घेतला. निघताना आप्पा म्हणाले, मी बसपर्यंत सोडतो. मी येते म्हटलं, तर हातानंच नको म्हणाले.

चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून मला बसथांबा दिसतो. दोघं शेजारी उभे होते, दोघांचे हात पाठीमागे. मधे एकदा आप्पांनी रस्त्यापलीकडच्या बांधकामावरच्या क्रेनकडे बोट दाखवलं आणि म्हातारबुवांनी बराच वेळ काहीतरी समजावून सांगितलं, इंग्रजीत की जपानीत कुणास ठाऊक. आप्पा मान हलवत होते. तिथे उभ्या उभ्याच मला वाटलं, माझ्या आयुष्यात जे चांगलं झालं त्यातलं बरंचसं या दोन माणसांच्या हातून आलंय, आणि दोघांनाही ते पुरतं माहीत नाही. बस आली, म्हातारबुवा चढले, आप्पा बस वळेपर्यंत हात वर करून उभे राहिले.

मग ते परत फिरले. आमच्या इमारतीच्या दाराला आकड्यांचं कुलूप आहे आणि ते आकडे त्यांना सांगायचे राहिले होते. मी चपला घालून खाली गेले.